टोकनताईंचे तीस सेकंद

हॉस्पिटलात कुणी तोंड उघडलं की लोक त्या माणसाकडे बघतात. टोकनताईंनी तोंड उघडलं की लोक भिंतीकडे बघायचे. कॅन्टीनमध्ये त्या नुसतं "एक चहा, साखर कमी" म्हणाल्या तरी शेजारच्या टेबलावरची दोन-चार माणसं खिशातली चिठ्ठी चाचपायची आणि मान वर करून स्क्रीन शोधायची. कारण बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमध्ये दिवसभर "टोकन क्रमांक एकशे बारा, खोली क्रमांक चार" असं जो आवाज सांगायचा, तो ताईंचाच होता. अकरा वर्षांपूर्वी ही टोकनची व्यवस्था बसवली तेव्हा आवाज द्यायला येणारी बाहेरची बाई आलीच नाही. मग ताईंनीच एका दुपारी खोलीचं दार लावून घेतलं आणि एक ते नऊशे नव्व्याण्णव आकडे वाचून काढले. सातशेच्या पुढे त्यांचा घसा बसला आणि डोकंही उठलं, त्यामुळे दिवसाच्या शेवटी आलेल्या पेशंटांना आजतागायत जरा रागावूनच बोलावलं जातं.

पण आवाज हे काही त्यांचं खरं काम नव्हे. त्यांचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, मशीनपाशी. कुणाचा कितवा नंबर, कुठल्या डॉक्टरकडे किती जण तुंबलेत, आत कोण गेलंय, बाथरूमला गेल्यामुळे कोण मागे पडलंय, हे सगळं त्या मशीनच्या मेमरीत. कपाटं धुंडाळल्यासारखं डिस्कवर शोधत बसायचं नाही. विचारलं की पापणी लवायच्या आत उत्तर. फक्त मशीन एक नंबरचं लहरी. आठवड्यातून दोनदा तरी मान टाकायचं. मग हॉलमधल्या चौदा स्क्रीनवर नुसत्या दोन रेघा यायच्या, आवाज बंद व्हायचा आणि चारशे माणसं एकदम काउंटरकडे वळायची.

काउंटरवरच्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटे. स्क्रीन यायच्या आधी तोच घसा ताणून नावं पुकारायचा आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात टेकलेला पेशंटसुद्धा धडपडत उठून यायचा. आता त्याच्या वाट्याला एकच आरोळी उरली होती. स्क्रीन गेल्या की तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडायचा, "ताई, गेलं!"

खरं म्हणजे ओरडायची गरजच नसायची. प्रत्येक नंबर दोनदोनदा पुकारला जायचा, त्यामुळे आवाज जवळजवळ थांबायचाच नाही. जिन्यातून येणारा आपलाच आवाज मधेच तुटला की ताई हातातला घास डब्यात टाकून कीबोर्डवर झेपावायच्या. चार ओळी टाइप करायच्या, मशीन पुन्हा उभं. भोंग्याचं "गेलं" तीन मजले चढून वर येईपर्यंत यांची चौथी ओळ होत आलेली असायची. बावीस सेकंद. कधी एकवीस, कधी तेवीस, पण चोविसावा सेकंद गेल्या पाच वर्षांत उजाडलेला नव्हता.

कौतुक करण्यासारखीच गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय! पण याचा अर्थ असा की सकाळी आठ ते दुपारी चार ताई त्या खोलीतून हलायच्या नाहीत. चहासुद्धा कॅन्टीनमध्ये गर्दी नसताना, उभ्याउभ्या, एक कान जिन्याकडे ठेवून. सख्ख्या भाचीच्या लग्नाला त्या पोचल्या तेव्हा मांडववाले खुर्च्या आवरत होते.

आणि अशात डोळे बिघडले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त. आधी तीनचा आठ दिसायला लागला, मग आठाचा नुसता ठिपका. एका मंगळवारी तर त्यांनी घाईघाईत कीबोर्डवर चुकीचा आकडा मारला आणि वर बसल्याबसल्या आपलं मशीन सोडून एक्स-रेवाल्यांचं मशीन बंद करून चालू केलं. तिथे एका माणसाला "श्वास रोखून धरा" सांगितलेलं होतं. पडदा काळा पडल्यावर सगळे मशीनभोवती जमले आणि त्याला "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं. तो बिचारा लालबुंद होईस्तोवर आज्ञेत उभा. त्याने नंतर तक्रारसुद्धा केली नाही, पण ताईंना आठवडाभर जेवण गेलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई हाताने सोनं आणि जिभेने तिखट. त्यांनी ताईंना तीनदा तारीख दिली होती आणि तीनदा ताईंनी ती मोडली होती. चौथ्यांदा त्यांनी ताईंना कॅन्टीनमध्येच गाठलं.

"ताई, तो मोतीबिंदू आता पिकून दगड व्हायला लागलाय. अजून दोन महिने काढलेत तर मला छिन्नी-हातोडा आणावा लागेल."

"मॅडम, वेळ किती लागतो?"

"टेबलावर वीस मिनिटं. आधीचे थेंब, नंतरची विश्रांती धरून अर्धा दिवस म्हणा."

"भूल?"

"थेंबांचीच. जाग्याच असाल."

ताईंचा चेहरा उजळला. "मग मधे उठता येईल का? दोनच मिनिटं?"

डॉक्टरबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "मधे म्हणजे? डोळा उघडा टाकून?"

"नाही, म्हणजे समजा स्क्रीन गेल्या तर..."

"तुम्ही हललात तर डोळा जाईल. स्क्रीन गेल्या तर परत येतात, डोळा येत नाही. पुढच्या महिन्याचा पहिला गुरुवार. आलात तर आलात, नाहीतर मी सुटले आणि तुम्ही सुटलात!"

तेव्हा कुठे ताईंनी मनावर घेतलं.

मनावर घेतलं म्हणजे काय, तर ऑटोमॅटिक फेलओव्हर बसवायचा ठरवला. नाव भारदस्त, गोष्ट साधी. मुख्य मशीनच्या शेजारी दुसरं एक मशीन होतंच. मुख्याकडे जे जे येईल ते हे उतरवून घेत बसायचं. मुख्य पडलं तर या दुसऱ्याने आपणहून त्याच्या जागी बसायचं, ताईंनी बोटसुद्धा लावायचं नाही. पण मुख्य पडलं हे ठरवायचं कुणी? त्यासाठी तीन पहारेकरी, म्हणजे तीन छोटे प्रोग्रॅम, तीन वेगळ्या जागी: एक ताईंच्या खोलीत, एक भोंग्याच्या काउंटरवर, एक एक्स-रेवाल्यांकडे. कुणा एकट्याच्या सांगण्यावरून कुणाला मेलेला धरायचं नाही, दोघांचं तरी एकमत झालं पाहिजे. माणसांनीसुद्धा हा नियम पाळला तर निम्मी भांडणं मिटतील, असं ताई या व्यवस्थेची पुस्तिका वाचताना मोठ्याने म्हणाल्या. पुस्तिका त्यांनी बोटभर मोठ्या अक्षरांत छापून घेतली होती, त्यामुळे ती सव्वाशे पानांची सहाशे पानं झाली होती.

खरं दुखणं स्क्रीनच्या प्रोग्रॅमचं निघालं. त्यात मुख्य मशीनचा पत्ता अकरा वर्षांपूर्वी ताईंनीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. मशीन गेलं तरी हा पठ्ठ्या त्याच दारावर धडका मारत बसायचा. आता त्याला शिकवायचं होतं की बाबा रे, पत्ता पाठ करू नकोस. आधी पहारेकऱ्यांना विचार, सध्या मुख्य कोण? मग तिकडे जा. आणि बोलता बोलता दार बंद झालं तर डोकं आपटू नकोस, पुन्हा विचार. एवढंसं शिकवायला दोन आठवडे गेले. आपण लिहिलेलं आपणच खोडायचं म्हणजे दुप्पट वेळ लागतो.

मग आली ती मुदतीची भानगड. मशीन किती वेळ गप्प राहिलं म्हणजे पडलं समजायचं? ताईंनी आकडा घातला तीन सेकंद. त्यांच्या स्वभावाला तीनसुद्धा जास्तच होते. सोमवारी सकाळी हॉल तुडुंब भरला आणि मशीन कामाच्या रगाड्यात चार सेकंद दम खायला थांबलं. झालं! पहारेकऱ्यांनी "गेलं, गेलं" म्हणून दुसऱ्याला गादीवर बसवलं. दुसऱ्यानेही थोड्या वेळाने दम खाल्ला, तर पुन्हा पहिलं गादीवर. तासाभरात पाच वेळा राज्य बदललं, आणि दर बदलात एखाददुसरा नंबर मागेपुढे झाला. कानाच्या डॉक्टरांकडे एकाच बाईंना तीनदा बोलावलं गेलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला कानच दोन आहेत, मी आता काय बघू?"

भोंगा घामाघूम होऊन वर आला. "ताई, तुमचे पहारेकरी भित्रे आहेत हो! जरा कुणी डोळा मिटला की यांची रडारड सुरू."

ताईंनी पुस्तिकेत लिहिलेला आकडा घातला. तीस सेकंद.

आणि इथे खरी गंमत झाली. पुढच्या दोन आठवड्यांत मशीन चारदा पडलं. चारही वेळा पहारेकऱ्यांनी आपल्या नोंदीत लिहिलं, "मुख्य दिसत नाही." आणि चारही वेळा बावीस सेकंदांनी लिहिलं, "दिसलं." कारण आवाज तुटला की ताईंची बोटं कीबोर्डवर. तीस सेकंद पूर्ण होतील तेव्हा दुसरं मशीन पुढे येणार ना! त्याला बिचाऱ्याला पाऊल उचलायलाही कुणी देत नव्हतं.

"बसवलंत का ते?" डॉक्टरबाईंनी जिन्यात विचारलं.

"बसवलं."

"चालतं का?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तुमचं मशीन पडत नाही?"

"पडतं की. पण मी पडू देत नाही ना."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

गुरुवार चार दिवसांवर आला तेव्हा ताईंनी रविवारी, हॉल बंद असताना, नवऱ्याला सोबत नेलं. त्यांच्या यजमानांची गाडी शिकवायची शाळा होती आणि गावभर त्यांना मास्तर म्हणत. बेत असा की ताईंनी मुख्य मशीनची वायर काढायची आणि तीस सेकंद स्वतःच्या हातांवर बसून राहायचं. वायर काढली. ताई हातांवर बसल्या. मास्तर घड्याळ बघून मोजू लागले. अठरा म्हणेपर्यंत ताईंचा डावा हात सुटलेला होता, वीसला वायर जागेवर होती.

"अगं!"

"मी नाही लावली. लागली."

दुसऱ्या खेपेला ताई बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. वायर मास्तरांनी काढली. ताईंनी डोळे मिटले, ओठ चावला, एकवीसपर्यंत कसाबसा तग धरला, आणि मग किंचाळल्या, "लावा!" मास्तरांनी लावली. एकतीस वर्षांच्या संसारात "लावा" म्हटल्यावर "का" म्हणायची सवयच त्यांना राहिलेली नव्हती.

दोघं खाली रिकाम्या हॉलमध्ये येऊन बसली.

"माझ्या गाडीला ब्रेक दोन," मास्तर म्हणाले. "एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. धंदा सुरू केला तेव्हा एक बाई होत्या, आठ महिने शिकल्या. एकदा ठोकलं नाही, कुणाला खरचटू दिलं नाही. परीक्षेच्या दिवशी साहेब शेजारी बसला, समोर लाल दिवा, आणि बाईंनी ब्रेकच दाबला नाही. साहेबाने विचारलं, अहो, थांबवत का नाही? तर म्हणाल्या, थांबते ना ती आपली आपण, रोज थांबते."

ताई हसल्या नाहीत. "म्हणजे आठ महिने तुमचाच पाय?"

"माझाच. तेव्हापासून मी पाय ब्रेकवर ठेवतो, दाबत नाही. एवढंच कठीण आहे बघ त्या धंद्यात, बाकी शिकवणं काय कुणालाही जमतं."

"तुमचं ठीक आहे हो. तुम्हाला ते आजोबा दिसत नाहीत."

"कोण आजोबा?"

एवढ्या वर्षांत ताईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा त्या कॅन्टीनमध्ये गप्पा मारत बसल्या होत्या आणि वर मशीन चाळीस मिनिटं पडून राहिलं. चालू केलं तेव्हा काही नंबर हरवले होते. आरडाओरडा करणाऱ्यांना भोंग्याने नवीन चिठ्ठ्या दिल्या. संध्याकाळी पाचला ताई घरी निघाल्या तर हॉलमध्ये एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसलेले, चिठ्ठी हातात, डोळे स्क्रीनवर. सकाळी नऊपासून बसले होते. डबाही उघडला नव्हता, म्हणे खाता खाता नंबर निघून जायचा.

"मी म्हटलं, आजोबा, डॉक्टर गेले हो. तर उठले, आणि मलाच म्हणाले, 'तुम्हाला उगाच थांबावं लागलं.' मला थांबावं लागलं! तेव्हापासून आवाज तुटला ना, की मला हॉलमधले चारशे लोक दिसतच नाहीत. ते एकटे दिसतात. तीस सेकंद त्यांना तसं बसवून ठेवू?"

मास्तर म्हणाले, "डोळा गेला तर तेही दिसायचे नाहीत," आणि मग आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटून उठून गाडीची किल्ली शोधू लागले. तिसरी चाचणी झालीच नाही.

गुरुवारी ताईंनी वरच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मास्तरांच्या खिशात टाकली. खाली कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही. भोंग्याला कळलं असतं तर त्याने सकाळी आठपासूनच धीर सोडला असता, आणि त्याने धीर सोडला की तो चारशे जणांना ऐकू जातो. डॉक्टरबाईंनी मात्र त्यांना दारात बघून डोळे मोठे केले.

"आलात! मशीन चालतं का मग आपलं आपण?"

"नक्की नाही सांगता येत."

"वा, छान. झोपा."

ऑपरेशनची खोली हॉलला लागूनच होती. डोक्याला टोपी, अंगावर हिरवं कापड, डाव्या डोळ्यापुरतं भोक. पापणी मिटू नये म्हणून चिमटा लावला, वरून दिवा आला, आणि ताईंना सगळीकडे नुसता दुधाळ उजेड दिसू लागला. सिस्टरने त्यांचा उजवा हात हातात घेतला. काही वाटलं तर बोलायचं नाही, हात दाबायचा. दाराच्या फटीतून ताईंचाच आवाज येत होता: "टोकन क्रमांक दोनशे अठरा, खोली क्रमांक दोन."

"तिकडे बडबडताय तेवढं पुरे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे गप्प. दिव्याकडे बघा. हलायचं नाही."

दोनशे एकोणीस गेला. दोनशे चोवीस गेला. डॉक्टरबाईंचं यंत्र बारीक आवाज करत होतं आणि त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "केवढा कडक करून ठेवलाय, शाबास." ताईंना वाटलं, निभावलं. अजून दहा मिनिटं.

"टोकन क्रमांक दोनशे एकतीस, खोली क्रमांक..."

आणि पुढे काही नाही.

एक. दोन. तीन. कदाचित दम खात असेल. सात. आठ. नाही, पडलंच. बाहेर खुर्च्या सरकल्या, मग ती चारशे माणसांची एकत्र कुजबुज सुरू झाली. ताईंनी ती कधी इतक्या जवळून ऐकली नव्हती.

"ताई, मान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मान ताठ झालीय तुमची. सैल सोडा."

मान सैल सोडायची! बारा. तेरा. किल्ली मास्तरांच्या खिशात, मास्तर बाहेरच्या बाकावर, जिना साठ पायऱ्यांचा. हिशेब करूनही काही उपयोग नव्हता. डोळ्यात सुई असताना माणूस कुठे जाणार? अठरा. तेवढ्यात जिन्याच्या बाजूने ती आरोळी आली, सगळ्या भिंती भेदून:

"ताई, गेलं!"

सिस्टर दचकली. डॉक्टरबाई दचकल्या नाहीत, पण त्यांचा हात थबकला आणि त्यांनी भोंग्याच्या नावाने एक शब्द उच्चारला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

एकोणीस. वीस. एकवीस. बावीस. ताईंचा उजवा हात सिस्टरच्या हातात होता, आणि त्याची बोटं आपोआप सिस्टरच्या तळहातावर नाचू लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी, चौथी, शेवटी करंगळीने खटकन एंटर.

"ताई, गुदगुल्या होतात हो," सिस्टर कुजबुजली.

तेवीस. चोवीस. हा सेकंद कसा असतो हे ताई विसरूनच गेल्या होत्या. काही केलं नाही तरी तो आला आणि गेला. पंचवीस. सत्तावीस. त्या पांढऱ्या उजेडात त्यांना ते आजोबा दिसले, मांडीवर डबा घेतलेले. थांबा हो, आजोबा, ताई मनात म्हणाल्या, हात जोडते, उठू नका, जाऊ नका, थोडं थांबा. एकोणतीस. तीस.

काही नाही.

एकतीस. बत्तीस. काही नाही! आकडाच चुकीचा घातला की काय? तीन दिसले आणि आठ घातले? ऐंशी सेकंद, तीनशे सेकंद, कुणास ठाऊक काय घालून ठेवलंय आपण या फुटक्या डोळ्यांनी! तेहेतीस. चौतीस.

"टोकन क्रमांक दोनशे एकतीस, खोली क्रमांक सहा."

ताईंचं तोंड बंद होतं, हात सिस्टरच्या हातात होता, खोलीला कुलूप होतं, आणि बाहेर ताई बोलत होत्या. नंबरही तोच, दोनशे एकतीस. एकसुद्धा हरवला नव्हता. आजोबांच्या त्या संध्याकाळपासून आजवर धरून ठेवलेला श्वास सुटल्यासारखा त्यांचा ऊर भरून आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो! अहो, रडताय काय? सिस्टर, कापूस! मी इथे मोतीबिंदू काढतेय की पाणी उपसतेय?"

ताईंना बोलायची बंदी होती. त्यांनी सिस्टरचा हात इतका दाबला की तीच "आई गं" म्हणाली.

"हुंदका येणार असेल तर आधी हात दाबून सांगा, मी सुई बाजूला घेते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "न सांगता द्यायचा नाही."

ताईंनी हात दाबला. डॉक्टरबाईंनी सुई बाजूला घेतली. ताईंनी एक रीतसर हुंदका दिला. मग पुन्हा काम सुरू झालं.

दुपारी त्या पट्टी लावून बाजूच्या खोलीत पडल्या होत्या, उशाशी मास्तर होते, आणि डॉक्टरबाई थेंबांचा कागद लिहीत होत्या, तेव्हा भोंगा कसली तरी फाईल घेऊन आत आला. ताईंना पाहून तो दारातच थांबला.

"हे काय? डोळ्याला काय झालं?"

"ऑपरेशन. आज सकाळी."

"चला, एकदाचं केलंत. तरीच म्हटलं, आज ताईंचा हात जड का चाललाय. सव्वाअकराला ओरडलो तर केवढा वेळ लावलात! कधी झालं, त्याच्यानंतर?"

"त्याच वेळी. तुम्ही ओरडलात तेव्हा मी आत टेबलावर होते."

भोंग्याने आधी ताईंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मग वर कोण होतं?"

"कुणी नव्हतं. कुलूप होतं."

"मग ते चालू कुणी केलं?"

"कुणी नाही. आपलं आपण झालं."

भोंगा खुर्चीवर बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याचा चेहरा पडलेला ताईंना एका डोळ्यानेही दिसला. नावं पुकारायची स्क्रीनने काढून घेतली होती, आणि आता हे. "म्हणजे मी आज जिन्यात उभा राहून रिकाम्या खोलीला ओरडत होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेलेला हॉस्पिटलात कुणी ऐकला नसेल.

ताईंना ते लागलं, कारण सकाळपासून त्यांच्या मनात तेच कुठेतरी टोचत होतं. अकरा वर्षं आपण धावलो, आणि आज आपण नव्हतो हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आनंद होता, खूप होता, पण रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदमच होतं.

"रिकाम्या खोलीला नाही," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं ना. तिथे झोपले होते, हलता येत नव्हतं, काही दिसत नव्हतं. तुमचा आवाज आला आणि वाटलं, चला, बाहेर लोकांपाशी आपलं कुणीतरी उभं आहे. नाहीतर मी उठलेच असते."

भोंग्याने नाक ओढलं. "खरंच?"

"मलाही आला ऐकू," डॉक्टरबाई कागदावरून मान न उचलता म्हणाल्या. "सुई हातात होती माझ्या. पुढच्या वेळी याला गावाला पाठवा."

"पुढची वेळ कधी, मॅडम?" ताई उशीवरून अर्ध्या उठल्या. "उजव्याची? पुढचा गुरुवार आहे का रिकामा?"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. चार-चार तारखा देत हिच्या मागे फिरून आपल्या चपला झिजल्या, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. "महिनाभर थांबावं लागेल," त्या म्हणाल्या. "आधी हा बरा होऊ दे."

"महिनाभर?" ताई म्हणाल्या. "बरं. थांबते."